मोरपंखी पिवळी पडते, वाढत नाही: मातीत जड धातू आहेत का, हे कसं शोधायचं

छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, कुठेही जा, बंगल्याच्या कुंपणाला, मंगल कार्यालयाच्या दाराशी, शाळेच्या आवारात मोरपंखी असतेच. जोडीला कुंडीतला ख्रिसमस ट्री म्हणजे अरोकेरिया, जुनिपर, गोल्डन सायप्रस. ही सगळी सूचिपर्णी झाडं मराठवाड्यात बाहेरून आलेली, पण नीट सांभाळली तर चांगली राहतात. (सुरू यांतला नाही. दिसायला सुईपानी असला तरी तो फुलणाऱ्या झाडांपैकी आहे, त्याला खालचं सगळं लागू करू नका.) रोपवाटिकांची आणि बागांची कामं करताना या कोवळ्या रोपांचा एकच बिघाड माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो: लागवडीनंतर पहिल्या एक-दोन वर्षांत रोप पिवळं पडतं, आहे तिथंच थांबतं आणि मग शेंड्याकडून करपत येतं.

हल्ली अशा रोपाकडे बोट दाखवून लोक लगेच म्हणतात, "माती केमिकलची आहे." कधी ते खरं असतं. पण आपल्याकडे बहुतेक वेळा कारण पाणी, चुनखड नाहीतर मूळकूज असतं. आणि जड धातू (शिसं, तांबं, जस्त, निकेल यांसारखे) खरंच असतील, तर ते जमिनीत आधीपासून होते असं क्वचितच घडतं. बाहेरून आणलेल्या कशाबरोबर तरी ते आलेले असतात. म्हणून प्रयोगशाळेची पावती फाडण्याआधी फुकटच्या तपासण्या उरका.

लक्षणं

जड धातूंची शंका कधी घ्यायची? यातली तीन-चार लक्षणं एकत्र दिसली तर:

- नवी पालवी आधी पिवळी किंवा पांढरट होते, जुनी पानं त्या मानाने हिरवी राहतात.
- नवी वाढ आखूड. मागच्या हंगामातला शेंडा वीतभर आणि यंदाचा दोन बोटं, असा फरक दिसतो.
- खत दिलं, फवारणी केली, तरी फरक नाही; किंवा आठवडाभर हिरवं होऊन पुन्हा पिवळं.
- मुळं आखूड, जाडसर, तपकिरी-काळी. टोकं बोथट, बारीक तंतुमुळं जवळपास नाहीतच.
- नुकसान विशिष्ट जागीच: एका वाफ्यात, एका ट्रॉलीच्या मातीत, पत्र्याखालच्या एका रांगेत. शेजारची रांग ठणठणीत.

शेवटचं लक्षण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. रोग पसरतो, किडी फिरतात, पाणी सगळ्यांना तेच मिळतं. नुकसानीची सीमा जर मातीच्या किंवा पाण्याच्या थेंबांच्या सीमेशी तंतोतंत जुळत असेल, तर उत्तर तिथेच शोधायचं.

काही गोष्टी मात्र बिघाड नाहीत. मोरपंखीची आतली, खोडालगतची जुनी पानं तपकिरी होऊन गळतात, ते नैसर्गिक आहे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत पानांवर येणारी तपकिरी झाकही ऊन तापलं की जाते. त्यासाठी काही करू नका.

१. कोरा कागद आणि पाच मिनिटं

फांदीखाली पांढरा कागद धरून फांदीवर दोन-तीन टिचक्या मारा. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर ती कोळी कीड. मार्च ते मे या काळात पत्रा तापलेल्या जागी ती हमखास येते आणि पानं राखट-पिवळी करते. पाण्याचा जोरदार फवारा दोन-चार दिवसांआड मारला तरी बरीच आटोक्यात येते. तपासणी फुकटची आहे आणि एवढ्यावरच अनेकांचं काम संपतं, म्हणून ती पहिली.

२. निचरा आणि मुळं

कुंडी काठोकाठ भरा. पाणी तळातून लगेच वाहायला लागलं पाहिजे. अर्ध्या तासानंतरही वर साचलेलं असेल तर पुढचं वाचायच्या आधी निचरा सुधारा. जमिनीत लावलेल्या रोपाशेजारी वीतभर खोल खड्डा करून त्यात पाणी ओता आणि तेही तसंच साचून राहतंय का पाहा. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते, आणि मोरपंखीची मुळं हे सहन करत नाहीत.

मग एक रोप, सगळ्यांत वाईट नव्हे, मधलं निवडा आणि मुळांसकट बाहेर काढा. ही तपासणी घाईत करू नका. माती झटकू नका, बादलीत बुडवून हलक्या हाताने सोडवा. चांगल्या रोपाची टोकं पांढरी आणि लवचिक असतात. मूळकुजीत मूळ मऊ होतं, साल बोटांनी ओढली की मोज्यासारखी सुटून येते आणि आत दोऱ्यासारखा गाभा राहतो, वासही कुजका येतो. धातूंच्या त्रासात मूळ मऊ नसतं. ते टणक, आखूड आणि गाठीगाठीचं दिसतं. टोक काळपट होऊन थांबलेलं असतं आणि त्याच्या मागून पुन्हा पुन्हा फुटायचा प्रयत्न करून थबकलेले खुंट दिसतात. वास नसतो. हा फरक एकदा डोळ्यांनी पाहिला की विसरत नाही.

मुळं का पाहायची? कारण शिसं बहुतांश मुळांतच अडकतं, वर पानांत फारसं चढत नाही. तांबंही आधी मुळाचं टोक मारतं. पान पाहून निदान करायला गेलं की उशीर झालेला असतो. त्यातून कोवळ्या रोपाची सगळी मुळं वरच्या वीतभर मातीत असतात, आणि बाहेरून आलेले धातू नेमके त्याच थरात साठतात. मोठं झाड खाली जाऊन निभावून नेतं, रोपाला तेवढी खोली नसते. शिवाय मुळांना चिकटून राहणारी मित्रबुरशी, जी स्फुरद आणि पाणी मिळवून देते, तीही तांब्या-जस्ताने मार खाते.

३. चुनखड

माती चमचाभर घेऊन वर लिंबाचा रस किंवा पांढरं व्हिनेगर टाका. फेस आला तर चुनखड आहे. (संडास साफ करायचं अ‍ॅसिड यासाठी वापरू नका.) मराठवाड्याच्या बऱ्याच जमिनींचा पीएच ७.५ ते ८.५ असतो आणि तिथं लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. त्यालाच आपण केवडा म्हणतो.

खात्रीसाठी एका लिटर पाण्यात ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घालून एकाच फांदीवर संध्याकाळी फवारा, फांदीला दोरा बांधून ठेवा. आठ-दहा दिवसांत तेवढीच फांदी हिरवी झाली तर लोहाची कमतरता नक्की. पण इथं एक खोच आहे: तांबं, जस्त किंवा निकेल जास्त झालं तरी झाडाला लोह उचलता येत नाही, आणि तेव्हाही फवारणीने फांदी हिरवी होते. म्हणून ही चाचणी मुळांबरोबर वाचायची. फांदी हिरवी झाली आणि मुळं पांढरी, तर चुनखड. फांदी हिरवी झाली पण मुळं काळी-खुंटलेली, तर पुढे चला.

याच टप्प्यावर लोक झिंक सल्फेट टाकतात. मराठवाड्यात जस्ताची कमतरता खरोखर आहे, त्यामुळे दुकानदाराचा सल्लाही सहज तोच येतो. मुळं पाहिल्याशिवाय जस्त देऊ नका. जस्त कमी पडलं आणि जास्त झालं, दोन्हींत पालवी पिवळीच दिसते.

४. पाणी

पाण्यातले क्षार मोजणारा साधा ईसी मीटर हजार रुपयांच्या आसपास मिळतो, नाहीतर कृषी सेवा केंद्रात कुणाकडे तरी असतोच. ईसी (डेसीसीमेन्स प्रति मीटरमध्ये) ०.७ च्या खाली असेल तर पाणी निर्धोक, ३ च्या वर गेलं तर गंभीर. मधल्या आकड्यांत कुंडीतल्या रोपांना त्रास सुरू होतो, कारण कुंडीत क्षार साठतच जातात. उन्हाळ्यात बोअर खाली गेली की हा आकडा चढतो, तेव्हा मेमधलं पाणी मेमध्येच तपासा. क्षारांचा त्रास जुन्या पानांच्या टोकांपासून सुरू होतो, धातूंचा बहुधा नव्या पालवीपासून.

५. काय आणलं, कुठून आणलं

ही तपासणी कागद-पेनाची, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त उत्तरं इथंच मिळतात. गेल्या दोन-तीन वर्षांत बागेत काय काय बाहेरून आलं त्याची यादी करा. ट्रॉलीवाल्याला विचारा, माळीकाकांना विचारा. खालच्या वस्तूंवर विशेष लक्ष ठेवा.

*वळचणीचं पाणी.* नव्या जस्ती पत्र्यावरून उतरणाऱ्या पावसाच्या पाण्यात जस्त असतं, पहिल्या सरींत सर्वाधिक. शेडच्या वळचणीखाली कोकोपीटच्या कुंड्या मांडलेल्या असतील तर नेमकी तेवढीच रांग पिवळी पडते आणि एक हात पुढची रांग हिरवी राहते. काळ्या चुनखडीच्या मातीत हेच पाणी पडलं तर फारसं बिघडत नाही, कारण ती माती जस्त धरून ठेवते. कोकोपीट किंचित आम्लधर्मी असतं, त्यात जस्त मोकळं राहतं. उपाय सोपा आहे: कुंड्या हलवा किंवा पन्हाळ लावा.

*टायर.* शाळांच्या आवारात रंगवलेल्या टायरांत मोरपंखी लावलेली दिसते. टायरच्या रबरात झिंक ऑक्साइड घातलेलं असतं. अख्ख्या टायरचा त्रास कमी, पण आच्छादन किंवा निचऱ्याचा थर म्हणून टायरचा चुरा वापरला असेल तर तो काढून टाका.

*तांब्याची औषधं.* रोपं कोलमडू नयेत म्हणून बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइडची आळवणी महिन्या-महिन्याला करणाऱ्या रोपवाटिका मी पाहतो. तांबं पाण्याबरोबर वाहून जात नाही, सेंद्रिय भागाला चिकटून तिथंच राहतं आणि दर आळवणीला भर पडत जाते. जुन्या द्राक्षबागेची वरची माती पोयटा म्हणून विकत घेतली असेल, तर तिच्यातही वर्षानुवर्षांच्या फवारण्यांचं तांबं असू शकतं.

*गाळ.* धरणाचा, पाझर तलावाचा गाळ चांगला. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेतून तो शिवारात गेला आणि जमिनी सुधारल्या. पण औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाने वाहणाऱ्या ओढ्याचा गाळ ही वेगळी वस्तू आहे. दोन्ही काळेच दिसतात आणि दोन्ही ट्रॉलीने येतात. कुठला, ते विचारून घ्या.

*भट्टीचा माल.* जालन्याकडे सळ्यांचे कारखाने पुष्कळ, त्यामुळे स्लॅग, म्हणजे भट्टीतला टाकाऊ मळ, भरावाला सहज मिळतो. स्लॅग मुळात अतिशय अल्कधर्मी, पीएच १० च्या पुढेही जातो. त्याने रोप पिवळं पडतं ते बहुधा पीएचमुळे, धातूंमुळे नव्हे. भट्टीच्या धुराड्यात जमणारी बारीक धूळ मात्र वेगळी. भंगारात जस्ती पत्रा असतो, त्यामुळे त्या धुळीत जस्त आणि शिसं भरपूर असतं. ती बागेत टाकायची वस्तूच नाही.

*शहरी कंपोस्ट.* पोत्यावर खत नियंत्रण आदेशानुसार तपासणी झाल्याचं लिहिलंय का पाहा. त्यात किलोमागे मिलिग्रॅममध्ये कमाल मर्यादा आहेत: कॅडमियम ५, क्रोमियम ५०, निकेल ५०, शिसं १००, तांबं ३००, जस्त १०००. सुटं, बिनपोत्याचं, कचरा डेपोवरचं खत कुंडीत वापरू नका.

६. मुगाची चाचणी

खर्च मूठभर मुगाचा. तीन भांडी घ्या. पहिल्यात शंकेची माती. दुसऱ्यात तीच माती, पण चांगल्या पाण्याने तीन-चार वेळा भरपूर धुऊन निथळलेली. तिसऱ्यात कधीच काही न टाकलेल्या जागेची तशीच माती. कुंडीच्या मिश्रणाची शंका असेल तर नव्याने आणलेलं स्वच्छ मिश्रण. प्रत्येकात वीस मूग, पाणी सारखं, जागा सारखी. आठवड्याने रोपं उपटून मुळं धुवा आणि शेजारी-शेजारी मांडून मोजा.

पहिल्या भांड्यात मुळं आखूड आणि दुसऱ्यात सुधारली, तर क्षार. क्षार धुऊन जातात. पहिल्या आणि दुसऱ्या दोन्हींत आखूड, टोकं तपकिरी, आणि तिसऱ्यात लांब पांढरी, तर धातूंची शंका पक्की होत चालली. मातीला चिकटलेले धातू असे सहज धुऊन जात नाहीत. तणनाशकाचा अंशही असा परिणाम दाखवू शकतो, तेव्हा ते कधी मारलं होतं का, हेही आठवून लिहा.

७. प्रयोगशाळा

इथवर आलात आणि उत्तर धातूंकडेच जात असेल तर खर्च करा. पण काय मागायचं ते माहीत हवं. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. त्यांत जस्त, लोह, तांबं, मंगल आहेत, पण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल नाहीत. ती पत्रिका 'सगळं ठीक' म्हणाली म्हणून शिसं नाही असं होत नाही. ही चार नावं लिहून वेगळी मागा. सोबत पीएच, ईसी, मुक्त चुनखडी आणि जस्त-तांब्यासाठी डीटीपीए चाचणी, म्हणजे झाडाला उचलता येईल तेवढाच भाग मोजणारी.

नमुना स्टीलच्या किंवा प्लास्टिकच्या साधनाने घ्या. जस्ती घमेलं आणि पितळी चाळण नको, नाहीतर त्यांचंच जस्त-तांबं अहवालात येईल. वाफ्यात वरच्या १५ सेंटिमीटरमधून आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून अर्धा किलो, सावलीत वाळवलेली. आणि दुसरा नमुना, तितकाच महत्त्वाचा, त्याच आवारातल्या स्वच्छ जागेचा.

तो दुसरा नमुना का? आपली काळी माती बेसाल्टपासून झालेली आहे, आणि बेसाल्टमध्ये तांबं, निकेल, क्रोमियम निसर्गतःच जास्त असतं. युरोपच्या १९८६ च्या नियमांत मातीतल्या तांब्याची मर्यादा किलोमागे ५० ते १४० मिलिग्रॅम आहे. आपल्याकडच्या बिलकुल न बिघडलेल्या मातीतही एकूण तांबं १०० च्या आसपास सहज निघू शकतं. नुसता एकूण आकडा पाहून घाबरलात तर चांगली माती फेकून द्याल. शेजारच्या स्वच्छ नमुन्यापेक्षा किती जास्त, हा खरा प्रश्न. शिसं आणि कॅडमियम मात्र बेसाल्टमध्ये कमीच असतं. ते जास्त निघालं तर बाहेरून आलंय असं समजा.

मग करायचं काय

कुंडी असेल तर मिश्रण बदला, दुसरा खात्रीचा मार्ग नाही. रोप काढा, मुळं बादलीत धुवा, काळी टोकं कापा, स्वच्छ पोयटा, कुजलेलं शेणखत आणि वाळूत लावा, महिनाभर शेडनेटखाली ठेवा. जुनं मिश्रण भाजीच्या वाफ्यात किंवा शेतात टाकू नका, झाकून वेगळं ठेवा. हाताळताना माती ओलसर करून घ्या, हातमोजे आणि मास्क वापरा.

रोप जमिनीत असेल आणि धातू थोडेच जास्त असतील, तर चांगलं कुजलेलं सेंद्रिय खत वाढवा. ते तांबं-शिसं धरून ठेवतं. जे टाकत होता ते आधी बंद करा.

चुन्याबद्दल स्पष्ट सांगतो. धातूंनी बिघडलेल्या जमिनीत चुना टाका, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. तो चुकीचा नाही, पण दुसऱ्या मातीचा आहे. कॅनडातल्या सडबरीला तांबं-निकेलच्या भट्ट्यांच्या धुराने टेकड्या उघड्याबोडक्या झाल्या होत्या. तिथं १९७८ पासून हेक्टरी सुमारे १० टन चुनखडीची भुकटी टाकून, मग पाइनची लाखो रोपं लावली आणि ती जगली. तिथली माती आम्लधर्मी झाली होती, म्हणून चुन्याने पीएच चढला आणि धातू बांधले गेले. आपली माती आधीच ८ च्या घरात. तिच्यात आणखी चुना घातला तर धातूंचा फायदा शून्य आणि केवडा दुप्पट. पीएच ६.५ च्या खाली निघाला तरच चुन्याचा विचार करा. आपल्याकडे तसं बहुधा कुंडीच्या मिश्रणातच होतं.

इथं थांबा, जाणकाराला बोलवा

- त्या जागी पूर्वी बॅटऱ्या फोडणं, प्लेटिंग, रंगकाम किंवा भंगार जाळणं होत होतं असं कळलं.
- माती किंवा साचलेलं पाणी पिवळं, हिरवं, निळं दिसतंय. पिवळ्या पाण्यात विषारी क्रोमियम असू शकतं. हात लावू नका.
- जवळ विहीर, बोअर, भाजीचा वाफा किंवा मुलांची खेळायची जागा आहे.
- अहवालात शिसं किंवा कॅडमियम स्वच्छ नमुन्याच्या कितीतरी पट निघालं.
- कारण न कळता एका आवारातली वेगवेगळी झाडं एकदम मरू लागली.

अशा वेळी खोदू नका, माती हलवू नका, मेलेली रोपं जाळू नका. मातीच्या सल्ल्यासाठी परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ किंवा जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र. बाहेरून सांडपाणी किंवा कचरा येत असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय. फोटो, तारखा, दोन्ही नमुन्यांचे अहवाल आणि पाचव्या पायरीतली यादी बरोबर न्या. मुलं त्या मातीत खेळत असतील आणि शिसं निघालं असेल, तर रोपं राहू द्या बाजूला. आधी डॉक्टरांकडे जाऊन मुलांच्या रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

कोणती रोपं वाचतील

शेंडा जिवंत आणि धुतलेल्या मुळांत थोडी तरी पांढरी टोकं असतील, तर मिश्रण बदलल्यावर रोप सावरतं. नवी पालवी यायला एक हंगाम जातो, तोवर खताचा मारा करू नका. मोरपंखीची जी फांदी पूर्ण तपकिरी होऊन पानं झडली, ती पुन्हा हिरवी होत नाही. ती खोडापासून कापा. अर्ध्याहून जास्त रोप असं उघडं पडलं असेल तर ते ठेवून कुंपणाला कायमचं भगदाड राहतं. ते काढा, पण त्याच खड्ड्यात लगेच नवं लावू नका. आधी खड्ड्यातल्या मातीत मूग पेरून पाहा, आणि मुळं लांब पांढरी आली तर पावसाळा स्थिरावल्यावर, जुलैमध्ये, नवं रोप लावा.